मॅगझीनच्या कामाच्या नोंदी : शिळफाटा, ठाणे

19 फेब्रुवारी 2024, सोमवार

शिवजयंतीची सुट्टी बघूनच आज मोजणी धरली. एरवी कल्याण-शिळ रस्त्याच्या कडेला टोटल स्टेशन (मोजणीचं दुर्बिणीसारखं यंत्र) लावून उभं राहणं म्हणजे डंपरला आमंत्रण.

काम कागदावर छोटं आहे. खडीच्या खाणीचं जुनं मॅगझीन, म्हणजे स्फोटकांचं कोठार, परवाना नूतनीकरणाला आलेला. साठा 1,600 किलो सुरुंगाच्या कांड्या (वर्ग 2, म्हणजे इमल्शन-स्लरीचा माल) आणि डिटोनेटर, म्हणजे कांडीला स्फोट चालू करून देणारी नळी, वेगळ्या खोलीत. मालक म्हणाले, "मॅडम, दार बदला, रंग मारा आणि नकाशा नवा काढून द्या. बाकी सगळं बरोबर आहे." (घरी आईला अजून वाटतं की मी कुठल्यातरी दिवाळी अंकाचं काम घेतलंय. मॅगझीन म्हटलं की तिला तेच सुचतं.)

बाकी सगळं बरोबर नाही. परवान्याला जोडलेला जुना नकाशा 1994 चा. त्यावर मॅगझीनच्या चारही बाजूंना एकाच हाताने लिहिलंय : भातशेती, गवत पड, भातशेती, डोंगर. आज पूर्वेला प्रिझम धरला तेव्हा भाताच्या जागी चौथ्या स्लॅबचं शटरिंग दिसलं. रस्त्याच्या तोंडाला बिल्डरची सेल्स केबिन आणि झेंडे. मॅगझीन तीस वर्षांत एक इंच हललेलं नाही, तरी ते चुकीच्या जागी आलं.

वॉचमन बाबा दुपारी चहा घेऊन आले. याच गावचे. म्हणाले, "ताय, ती जमीन आमचीच व्हती. इकली."

22 फेब्रुवारी

आकडे टेबलावर मांडले.

स्फोटक नियम, 2008 च्या अनुसूची 8 मध्ये साठ्याप्रमाणे अंतरांचे तक्ते आहेत. राहतं घर, रस्ता, रेल्वे, विजेची लाइन, प्रत्येकाचं वेगळं. अंतिम शब्द त्या तक्त्याचाच. पण मालकांना समजवायला तक्ता उपयोगाचा नाही, त्यामागचा हिशोब उपयोगाचा आहे. अंतर मालाच्या घनमुळाप्रमाणे वाढतं. माल आठपट केला तर अंतर फक्त दुप्पट लागतं. ऐकायला सोय वाटते. तोच हिशोब उलटा वाचला की घाम फुटतो : अंतर निम्मं झालं तर माल निम्मा करून भागत नाही, आठवा हिस्सा करावा लागतो.

आमच्याकडे पूर्वेला आता लागतं त्याच्या साधारण 80 टक्के अंतर उरलंय. 0.8 चं घन 0.512. म्हणजे 1,600 चे झाले 820 किलो. बिल्डरच्या फलकावर 'फेज 2' म्हणून जी रिकामी जागा दाखवलीय ती धरली तर अंतर 60 टक्क्यांवर येतं, आणि माल 345 किलोवर. शिवाय छोट्या साठ्याला प्रत्यक्षात हे घनमूळही पूर्ण उपयोगी पडत नाही, कारण तिथे धक्क्याच्या लाटेपेक्षा उडणाऱ्या विटा-काँक्रीटची भीती जास्त, आणि वीट घनमूळ बघून उडत नाही.

मालकांना फोनवर सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, जो प्रत्येक मालक विचारतो : "भिंत डबल जाड केली तर?"

नाही. मॅगझीनची भिंत स्फोट आत कोंडायला नसतेच. ती चोर, वणवा, ऊन, पाणी आणि उंदीर बाहेर ठेवायला असते. आत खरोखर काही झालं तर जाड भिंत म्हणजे जास्त दगड हवेत. लाटेला थांबवतं ते फक्त मोकळं अंतर, आणि तेच आपल्या सातबारावर नाही. दुसऱ्याच्या शेतावर आपली सुरक्षितता तीस वर्षं फुकट उभी होती.

आजपासून साठा 800 किलोच्या आत ठेवायचा, परवान्यावर काहीही आकडा असो. मालकांनी कुरकुरत मान्य केलं. लेखी मागितलंय.

24 मार्च, रविवार

होळी. सुट्टी असूनही संध्याकाळी जागेवर आले, कारण बाबांनी सांगितलं होतं की पाडा सरकला तशी गावची होळीही दरवर्षी थोडी थोडी आपल्या बाजूला सरकतेय. आगरी गावातली होळी ही काही चार गोवऱ्यांची नसते. उंच खोड, त्यावर गवताच्या पेंढ्या, ठिणग्या झाडाच्या वर जातात. वारा खाडीकडून डोंगराकडे, म्हणजे नेमका आपल्याकडे.

मॅगझीनभोवती 15 मीटरचा पट्टा खरवडलेला हवा. मोजला. उत्तरेला 9 मीटर, पुढे कमरेइतकं वाळलेलं गवत. मोजून होईपर्यंत अंधार पडला. पाण्याचा टँकर आणून उभा केला आणि रात्री अकरापर्यंत आम्ही चौघं तिथेच. गावच्या मंडळींशी बाबा बोलले. पुढच्या वर्षी होळी तलावाच्या बाजूला लावू म्हणाले. नैवेद्याची पुरणपोळी मात्र कुंपणापर्यंत पोचली.

3 एप्रिल

आत शिरून साठा मोजला. फोन गेटवरच्या लाकडी पेटीत, चपला बाहेर, एका वेळी तिघंच आत. आमच्या सोबत ब्लास्टर मामा, खाणीवरचे सगळ्यात जुने. त्यांनी सुरुंग भरायला सुरुवात केली तेव्हा नायट्रोग्लिसरीनच्या कांड्या असत. हाताला लागल्या की दिवसभर डोकं ठणकायचं. त्या आता बंद झाल्या, पण सवयी उरल्यात.

मागच्या भिंतीला चिकटून तीन खोकी सापडली. छपाईवरची तारीख बघता मुदत केव्हाच उलटलेली. इमल्शनच्या कांड्या दाबून पाहिल्या तर मऊ हव्यात, या खडूसारख्या. नवीन माल येतो तो दाराजवळ लावला जातो आणि दाराजवळचाच उचलला जातो. मागचा मागेच राहतो. वहीत आकडा दर महिन्याला जुळत होता, म्हणून कुणालाच शंका आली नाही.

मामा म्हणाले, "खाणीत नेऊन जाळून टाकतो, अर्ध्या तासाचं काम." त्यांना हात जोडले. मुदत संपलेला माल स्वतःहून जाळायचा नसतो, पुरायचाही नसतो. वेगळा काढून, खूण करून, उत्पादकाला आणि पेसोला (स्फोटकांचे परवाने बघणारं केंद्र सरकारचं खातं) लेखी कळवायचं. नष्ट करायची पद्धत ते ठरवतील. तोवर खोकी तशीच, लाल चिठ्ठी लावून.

आजपासून पद्धत : खोकी भिंतीपासून सुटी, माणूस फिरू शकेल एवढी वाट चारही बाजूंना, तारीख वाटेकडे तोंड करून. माल एका टोकाने आत येईल आणि दुसऱ्या टोकाने बाहेर जाईल.

11 जून

जुनी जागा दुरुस्त करण्यात अर्थ नाही हे मालकांना आता पटलं. फेज 2 चं खोदकाम सुरू झालं ते त्यांनी स्वतः बघितलं. नवी जागा बघायला तीन ठिकाणं फिरलो, पावसाआधी.

पहिली, खाणीचाच संपलेला खड्डा. मालकांची आवडती. तिन्ही बाजूंना पाषाणाच्या भिंती, "आयता बांध मिळाला की नाही?" बांध, म्हणजे कोठाराभोवतीचा आडोसा, मिळाला, पण तळात पावसाळाभर पाणी, वरून सुटे दगड, आणि चालू खाणीत सुरुंग उडतो तेव्हा उडते दगड पडतात त्याच टप्प्यात ही जागा. ज्या ठिकाणी रोज दगड पडू शकतो तिथे माल ठेवायचा नाही, हे समजायला नियम वाचावा लागू नये.

दुसरी जागा सुंदर. सपाट, कोरडी, रस्ता पोचलेला. डोक्यावर उच्च दाबाच्या तारा. ठाणे-नवी मुंबईत कुठेही वर बघा, तारा आहेतच. तक्त्यात त्यांचंही अंतर आहे. तार तुटून पडली तर काय, हा एक प्रश्न आणि खालच्या धातूत येणारा प्रवाह हा दुसरा.

तिसरी, डोंगराच्या सोंडेपलीकडे मालकांचीच पड. वाट वाईट. पण पूर्वेला सोंड स्वतःच आडवी, वस्ती पलीकडे, आणि दोन बाजूंची उताराची जमीन बरीच आत येईपर्यंत मालकांच्याच सातबारावर. आपल्या नावावरचं अंतर कुणी विकत नाही. हीच धरली. नेमकं ठिकाण या नोंदींत लिहिणार नाही.

साठा 350 किलो आणि डिटोनेटर वेगळ्या खोलीत. मालकांचा चेहरा पडला. "आठवड्याला एक ब्लास्ट, त्याला हा पुरणार नाही." पुरणार नाही हे बरोबर. मोठ्या ब्लास्टच्या दिवशी परवानाधारक पुरवठादाराची स्फोटकांची गाडी थेट यावी, माल भोकांत जावा, उरलेला त्याच गाडीने परत. मॅगझीन फक्त किरकोळ कामापुरतं. भाडं जास्त पडेल. जमिनीच्या भावाशी तुलना केली तर काहीच नाही, आणि हा हिशोब मालकांनी माझ्याआधी केला.

ऑगस्ट ते नोव्हेंबर

कागद. बेलापूरला सीबीडीत पेसोचं मंडळ कार्यालय, तिथे जागेचा व बांधकामाचा नकाशा. कोर्ट नाक्याला जिल्हाधिकारी कार्यालयात ना-हरकतीचा अर्ज. मग तलाठी, पोलीस, मोजणी, पुन्हा तलाठी. वर्ष निवडणुकांचं. लिहिण्यासारखं काही नाही, पेट्रोलची बिलं फाइलला आहेत.

25 जानेवारी 2025, शनिवार

काल भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला. जवाहरनगर. छत कोसळलं, माणसं खाली. आठ गेल्याचं सांगतायत. तो कारखाना, आपलं कोठार. तिथली कारणं तपास करणारे शोधतील, त्याबद्दल मी काही लिहिणं बरं नाही.

पण आज जागेवर गवंडी, सेंटरिंगवाला, बिगारी, सगळे मोबाईलवर तेच बघत होते. मुकादमाने विचारलं, "मॅडम, आपण बांधतोय त्यात पण असंच?" आज भिंती फक्त जोत्यापर्यंत आहेत आणि पाच किलोमीटरच्या आत आपली एक कांडी नाही, असं सांगितलं. एक बिगारी तरी दुपारनंतर आला नाही.

8 फेब्रुवारी

बांधासाठी मातीचे पहिले चार डंपर आले आणि परत पाठवले. मुरूम म्हणून आणला तो निम्मा दगड. बांधाचं काम आडव्या दिशेने सुटणारे तुकडे अडवणं. लाट त्याच्या डोक्यावरून जातेच, तिला बांध फारसं अडवत नाही. आता तोच बांध डोक्याएवढ्या दगडांनी भरला तर आपणच गोफण भरून ठेवली. माती चाळून घ्यायची. क्रशरवरची जुनी जाळी मागितली. खडीच्या खाणीत जाळी मागायला गेले आणि दगड नको म्हणाले, याची दिवसभर चेष्टा झाली.

माथा आतल्या मालाच्या माथ्यापेक्षा वर. दारासमोर वेगळा बांध, म्हणजे दारातून सरळ रेषेत काही जाणार नाही.

21 फेब्रुवारी

दार आलं. वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेटरकडून. बाहेरून लोखंडी पत्रा, आतून सागाच्या फळ्या, बाहेर उघडणारं, दोन कुलपं दोन किल्ल्या. आतल्या बाजूला लोखंड उघडं दिसता कामा नये. स्क्रू, बिजागरीच्या पट्ट्या पितळी. रंग पिवळा, चकचकीत, बिलावरही 'ब्रास' असंच लिहिलेलं.

पर्समधून चुंबक काढलं. फ्रिजवरचं गणपतीचं. टक् करून चिकटलं. अठ्ठेचाळीसपैकी एकेचाळीस स्क्रू लोखंडी, वरून पितळी मुलामा. पोरगा म्हणाला, "मॅडम, दिसायला सेमच आहे ना?" दिसण्याचा प्रश्न नाही रे बाबा. लोखंडावर लोखंड किंवा दगड घासला तर ठिणगी. सगळे बदलायला परत. गणपती आता साइटच्या फाइलमध्ये कायमचा.

डिटोनेटरबाबत : सरकारने 1 एप्रिल 2025 पासून साधे इलेक्ट्रिक डिटोनेटर बंद करायचं जाहीर केलंय. मामांना इलेक्ट्रॉनिकचं प्रशिक्षण लावा म्हणून मालकांना पत्र. जुना उरलेला साठा मार्चअखेरच्या आत पुरवठादाराकडे परत जायला हवा. एप्रिलमध्ये जाग आली तर तोच माल बेकायदा.

14 एप्रिल, सोमवार

आंबेडकर जयंतीची सुट्टी. काम बंद, पण आजपासून अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो म्हणून बाबा, मामा आणि दोन नवे वॉचमन यांना जुन्या जागेवर बसवून बोलले. 14 एप्रिलच का, हे कुणालाच माहीत नव्हतं.

1944 साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज फुटलं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, आणि त्यासोबत कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठी. आग कापसात लागली. दुपारी धूर दिसला, चारच्या सुमारास जहाज गेलं, विझवायला उतरलेले बंबवाले गेले. मामांनी लगेच विचारलं, "स्फोटकांबरोबर कापूस ठेवला कुणी?" मी त्यांच्या मागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे, गोणपाट आणि तेलकट चिंध्या रचून ठेवल्या होत्या, भिंतीला टेकून, बाहेरच्या बाजूने. मामा उठले आणि स्वतः उचलायला लागले.

माझी आजी तेव्हा ठाण्यात लहान होती. फळीवरची भांडी हलली, असं सांगायची.

29 एप्रिल

वीजरोधकाच्या अर्थिंगची चाचणी. मुद्दाम आजच, जमीन सगळ्यात कोरडी असताना. पावसाळ्यात मीटर लावला की कुठलीही जमीन पास होते. लक्ष्य 10 ओहमच्या आत.

आकडा : 41.

अपेक्षितच होतं. खाली काळा पाषाण, त्यात अर्थ पिट म्हणजे मडक्यात रोवलेला दांडा. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "मीठ-कोळसा वाढवू, दोन बादल्या पाणी ओतू, मग मोजू." पाणी ओतून मोजलेला आकडा पाण्याचा असतो. उपाय : उतारावर खाली जिथे काळी माती साठलीय तिथपर्यंत तांब्याची पट्टी आडवी पुरत न्यायची, दोन पिट तिथे, बेंटोनाइट (ओल धरणारी माती) भरून. खर्च वाढला. मालकांनी विचारलं नाही, फक्त सुस्कारा सोडला.

7 मे

काल संध्याकाळी वळीव. आधी धूळ, मग विजा, मग पाऊस. मी जुन्या मॅगझीनवर होते आणि मामा आत 6 खोकी मोजत होते. पहिला गडगडाट ऐकल्याबरोबर दार लावून सगळे गेटच्या बाहेर, रस्त्यापलीकडे. मोजणी अर्धवट. मामा भिजत म्हणाले, "दोनच खोकी राहिली होती." वहीत तेच लिहिलं : मोजणी 6.10 ला थांबवली, कारण वीज. आज सकाळी पूर्ण केली, जुळली. वहीतली ती ओळ मला इतर सगळ्या पानांपेक्षा आवडली.

अर्थिंगची आडवी पट्टी 16 मेपर्यंत पुरून होईल.

17 मे

8.6 ओहम. वळवाचं पाणी धरूनही समाधान, पण पुढच्या एप्रिलला परत मोजायचं. कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवलं.

26 मे, सोमवार

मान्सून आला. मुंबईत एवढ्या लवकर आल्याची नोंद नाही म्हणे. आमचं वेळापत्रक 10 जून धरून होतं. बांधावर गवताची लावणी परवा सुरू होणार होती.

सकाळी सात वाजता बाबांचा फोन. "ताय, बांध बसला." गेले तर दक्षिणेचा उतार आठ-नऊ फूट रुंदीत खाली घसरलेला, चाळलेली लाल माती गटारातून वाहत चाललेली. दगड काढून टाकलेली माती, दाबलेली असली तरी उघडी, आणि वर दीड दिवसाचा अखंड पाऊस. दोष माझा. गवत आधी लावायला हवं होतं, अर्थिंगसाठी उतार उघडा ठेवला.

गवताचाही पेच आहेच. पावसात माती धरायला गवत हवं, आणि दिवाळीनंतर तेच गवत वाळून पेटायला तयार. वाळा लावायचा मोह होतो, मुळं खोल जातात, पण पात माणसाएवढं. मामा म्हणाले दूर्वा लावा, बुटकी राहते. बांधाला दूर्वा, 15 मीटरचा पट्टा मात्र कायम उघडा, आणि दिवाळीच्या पाडव्यानंतर पहिल्या रविवारी कापणी, हे वॉचमनच्या ड्युटी पत्रकावर छापून.

आतला भाग कोरडा. झडपा आड लावलेल्या, जाळीतून पाणी शिरलं नाही. दार नीट लागतं, गणपती कुठेच चिकटला नाही.

30 मे

पाऊस थोडा उघडला. घसरलेला उतार पायऱ्या कापून परत भरायला घेतला, एकदम ढीग टाकून नाही. उतारही आधीपेक्षा निवांत ठेवला, त्यासाठी पायथा मीटरभर बाहेर गेला, नकाशात दुरुस्ती बेलापूरला कळवायची.

परवाना हातात येईपर्यंत नव्या जागेत एक वातही ठेवायची नाही. जुन्या जागी आज 310 किलो, उतरत्या क्रमाने. लाल चिठ्ठीची तीन खोकी मार्चमध्येच उत्पादकाच्या माणसांनी नेली, पावती फाइलला आहे.

परत येताना फेज 2 च्या फलकापाशी गाडी थांबवली. चित्रात बाल्कनी, बाल्कनीत कुंडी, मागे हिरवा डोंगर. आमची सोंड. त्या सोंडेपलीकडचा सातबारा उद्या परत काढून बघणार, शेजारच्या गटाचाही.

उद्या : ताडपत्री चार, चाळलेली माती दोन ब्रास, दूर्वा मिळेल तेवढी, बाबांसाठी रेनकोट.